कनेक्शन तू कर

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक बातमी ठरलेली असते. कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरीत मंडळाचं विभागीय कार्यालय आलं, २०१२पासून आमचा निकाल वेगळा लागू लागला आणि तेव्हापासून हा क्रम बदललेला नाही. २०२४ला कोकणाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता आणि त्यातही मुली मुलांच्या पुढे होत्या. गावोगावच्या शाळांत सत्कार होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. मी रत्नागिरीत विद्युत अभियांत्रिकी शिकवते. ते फोटो बघताना माझ्या मनात दरवर्षी एकच प्रश्न येतो : यातली एखादी तरी पुढे माझ्या जागेवर उभी राहून शिकवणार आहे का?

अभियांत्रिकीला मुली येत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. राज्यात प्रवेशाच्या जागांत मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे. जुलै २०२४मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ केलं. जिल्ह्यातच महाविद्यालयं आहेत : मिरजोळ्याला फिनोलेक्स, देवरूखजवळ आंबवला राजेंद्र माने, खेड तालुक्यात लवेलला घरडा आणि आता रत्नागिरीत शासकीय अभियांत्रिकीही. दहावीनंतर थेट पदविकेला यायचं तर तंत्रनिकेतन आहे. लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या वाड्यांतून पहाटेची एस.टी. पकडून मुली येतात आणि चांगल्या गुणांनी बाहेर पडतात. कुणब्यांच्या, भंडाऱ्यांच्या, बौद्धवाडीतल्या, गवळी धनगरांच्या, खाडीकाठच्या दालदी मुसलमानांच्या मुली. पदवी घेईपर्यंत त्या दिसतात. एम.टेक.च्या दारात कमी दिसतात, पीएच.डी.च्या दारात आणखी कमी. शिक्षकांच्या खोलीत पोचेपर्यंत एखाद-दुसरीच उरते.

हे का होतं, याची उत्तरं मी बरीच वर्षं ऐकत आले. मुलींनाच नको असतं, घरचे लग्न लावून देतात, धाडस नसतं. धाडसाचं उत्तर मला कधीच पटलं नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. कारण उघड आहे. पुरुष मुंबईला. घर, शेती, गुरं, सासू-सासरे, बँक, ग्रामपंचायत हे सगळं इथल्या बाया पिढ्यानपिढ्या एकट्याने सांभाळत आल्या. त्यांच्या मुलींना धाडस शिकवायची गरज नाही.

मग काय कमी पडतं? माझं उत्तर मला गिरणगावात सापडलं. कोकणातला मुलगा मुंबईला निघाला की त्याच्या खिशात एक पत्ता असायचा. लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत गावाने मिळून घेतलेली खोली. तिथे वळकटी टाकायला जागा मिळायची, खानावळ कुठली हे कुणीतरी सांगायचं आणि कुठल्या गिरणीत बदली कामगार घेतायत, ही खबरही तिथेच कळायची. त्या मुलाकडे धाडस होतंच, पण त्याला गावची खोलीही होती. माझे आजोबा अशाच खोलीतून गिरणीत लागले. प्राध्यापक होण्यासाठी अशी खोली आमच्या वाडीत कधीच नव्हती. ज्या घरात आधीचं कुणी पीएच.डी. आहे, तिथे जेवताखाताना समजतं की गेट नावाची परीक्षा असते, ती तिसऱ्या वर्षाला असतानाही देता येते, मार्गदर्शकाला आधी पत्र लिहायचं असतं, शिकताना पैसे मिळतात. आमच्या मुलींना यातलं एकही वाक्य घरात ऐकू येत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही.

याची सुरुवात प्रयोगशाळेत होते, असं माझं ठाम मत आहे. भाषणात होत नाही. महिलादिनाला पाहुणे बोलावून ‘तुम्ही काहीही करू शकता’ असं सांगणं सोपं असतं. त्याच दुपारी मशिन्स लॅबमध्ये जाऊन बघावं. पाच जणांच्या गटात वायरी हातात घेऊन कनेक्शन करणारे दोघे मुलगे असतात, आणि वही-पेन घेऊन रीडिंग टिपणाऱ्या मुली. कुणी असं ठरवलेलं नसतं. मुलींचं अक्षर चांगलं, जर्नल नीट, म्हणून ते काम त्यांच्याकडे जातं. तीन वर्षं असं चाललं की मुलीला सगळा सिद्धान्त येतो, परीक्षेत गुण येतात, पण यंत्राला हात लावायचा म्हटलं की ती मागे सरकते. ‘मला प्रॅक्टिकल येत नाही’ हे ती स्वतःबद्दल मानून बसते. असं मानणारी मुलगी प्रयोगशाळा चालवायची कल्पना कशी करेल?

म्हणून माझ्या लॅबमध्ये एक नियम आहे. कनेक्शन करणारा आणि रीडिंग घेणारा दर प्रयोगाला बदलतो आणि फळ्यावर नावं मी लिहिते. सुरुवातीला कुरबुर होते. मुलगे म्हणतात, वेळ जातो. जाऊ दे. एखादी मुलगी हळूच म्हणते, “मॅडम, त्यालाच करू दे ना, मी बघते.” माझं उत्तर ठरलेलं आहे : “कनेक्शन तू कर. तो बघेल.”

संगमेश्वरकडची एक मुलगी अशीच माझ्या लक्षात आली. वडील आंब्याच्या बागेत राखणदार, आई काजू कारखान्यात. बोलणं इतकं कमी की हजेरीला ‘येस मॅडम’सुद्धा शेजारणीला ऐकू जायचं नाही. अंतिम वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं एक प्रात्यक्षिक घ्यायचं, अशी पद्धत मी सुरू केली होती. तिच्या वाट्याला डीसी शंट मोटरचा थ्री-पॉइंट स्टार्टर आला. हा स्टार्टर आता कारखान्यांत फारसा राहिला नाही, पण शिकवायला फार छान आहे, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. हँडल सावकाश पुढे न्यायचं, एकेक रोध कमी होत जातो, शेवटी चुंबक हँडल धरून ठेवतो. पुस्तकात एक ओळ असते की नो-व्होल्ट कॉइल फील्डच्या शृंखलेत जोडलेली असते. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात.

तिने ती ओळ सांगितली नाही. तिने मोटर चालू केली, सगळ्यांना हँडलकडे बघायला सांगितलं आणि विचारलं, “समजा आत्ता फील्डची वायर सुटली, तर काय होईल?” कुणी म्हणालं, मोटर बंद पडेल. ती म्हणाली, “बंद नाही पडणार. फील्ड गेलं तर वेग वाढत जाईल, भलताच. मशीन हाताबाहेर जाईल.” मग थांबली आणि म्हणाली, “म्हणून ज्याने हे बनवलं त्याने चुंबकाची कॉइल फील्डच्याच वाटेत ठेवली. फील्ड तुटलं की चुंबकाचं बळही जातं, स्प्रिंग हँडल मागे ओढते, आणि मशीन सुरक्षित थांबतं.” मागे बसलेला एक मुलगा उठून पुढे आला आणि स्टार्टरच्या वायरींचा बोटाने माग काढत बघू लागला. मी इतकी वर्षं हा स्टार्टर शिकवते, आणि ‘ज्याने बनवलं त्याने का तसं केलं असेल’ या बाजूने तो त्या पोरीने उलगडून दाखवला. तास संपल्यावर मी तिला एवढंच विचारलं, “तुला शिकवायला आवडेल?” ती म्हणाली, “शिकवायला आवडेल, पण ते आमच्यासारख्यांना कुठे मिळतं?”

‘आमच्यासारख्यांना’ या शब्दात जात होती, गाव होतं, मराठी माध्यम होतं, मुलगी असणं होतं. सगळं एकदम. तिला वेगळं करून सांगता आलं नसतं, आणि मी विचारलंही नाही.

पुढचं काम तिच्या घरी जाऊन करायचं होतं. भातलावणीचे दिवस होते. आई शेतातून पाय धुऊन आली, वडील बागेतून. चहा झाला. आईने सरळ विषयाला हात घातला.

“बाई, पोर इंजिनेर झाली. आता अजून किती शिकनार ती?”

“आणखी दोन वर्षं, वहिनी. एम.टेक. गेट पास होऊन चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला, तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात तिला.”

“नोकरी लागल्यावर?”

“नाही, शिकत असताना.”

“कोन देनार?”

“सरकार.”

“आन ते परत द्यायचे?”

“परत नाही द्यायचे.”

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. वडिलांनी मला तेच पुन्हा विचारलं, आकड्यासकट. शिकण्याचे पैसे लागतात हे त्यांना माहीत होतं, शिकण्याचे पैसे मिळतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे पीएच.डी.ला गेली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० अशी अधिछात्रवृत्ती असते, हेही मी सांगितलं. वसतिगृह आणि जेवण एम.टेक.च्या पैशांत भागेल, संस्थेच्या शुल्काची मात्र वेगळी सोय करावी लागेल, तेही सांगितलं. अर्धवट हिशोब सांगून गरिबाघरच्या पोरीला घराबाहेर काढू नये.

मग वडिलांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती असते. “आन शेवटी मास्तरकी मिळंल ना?”

या प्रश्नाला मी खोटं उत्तर देत नाही. मी स्वतः एका विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सुरुवात केली. जितके तास, तितके पैसे. दिवाळीच्या सुट्टीत काही नाही, मे महिन्यात काही नाही. मुलगा झाला तेव्हा प्रसूतीची रजा हा शब्द माझ्यासाठी नव्हताच. तास थांबले, पैसे थांबले. आजही तशी नोकरी करणारे शेकड्यांनी आहेत. पगार महिनोन्‌महिने अडकतात, कायम पद निघत नाही, निघालं तर बिंदूनामावलीत अडकतं. शासकीय जागा लोकसेवा आयोगातून भरल्या जातात आणि जाहिरात निघायला वर्षं लागतात. अशा व्यवसायात मागास घरातल्या मुलीला ‘ये’ म्हणायचं का, हा प्रश्न माझ्या मनात कायमचा आहे. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “मॅडम, तिला कंपनीत जाऊ दे. घराला आधार होईल. शिक्षकीच्या नादाला कशाला लावता?” त्यांचं म्हणणं प्रेमातून येतं, हे मला माहीत आहे.

तरी मी ‘ये’ म्हणते, पण वाट बघून. हा माझ्या सगळ्या अनुभवाचा अर्क आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पदवी झाल्याबरोबर जवळच्या महाविद्यालयात तासिकेवर लागायचं आणि त्यातूनच शुल्क भरून एम.ई. करायचं, ही वाट आमच्या मुली घेतात, कारण ती घराजवळची असते. याच वाटेवर त्या अडकतात. दिवस शिकवण्यात जातो, रात्र जर्नल्स तपासण्यात, संशोधनाला वेळ उरत नाही, आणि पुढच्या पदासाठी लागणारी पीएच.डी. लांबत जाते. त्यापेक्षा तिसऱ्या वर्षालाच गेट द्यावी. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना शुल्क निम्मं असतं, गुण तीन वर्षं चालतात, आणि एकदा कमी पडले तर दुसऱ्यांदाही बसता येतं. एम.टेक. छात्रवृत्तीवर, मोठ्या संस्थेत. पीएच.डी.सुद्धा तशीच. मग परत यावं, हातात पूर्ण पात्रता घेऊन. तेव्हा तासिकेवर कुणी ठेवलं तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद असते. या वाटेला घरापासून लांब जावं लागतं. तेवढीच तिची किंमत आहे, आणि ती मुलीच्या घरच्यांना फार मोठी वाटते.

अशा वेळी मला आमच्याच जिल्ह्यातली माणसं आठवतात. धोंडो केशव कर्वे मूळ दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. १८९१ला ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. १८९६ला त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्याच संस्थेने, ते फर्ग्युसनमध्ये लागल्यावर शंभर वर्षांनी, १९९१ला, पुण्यात फक्त मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. देशात अशा महाविद्यालयांची सुरुवात करणाऱ्यांत ते आहे. आणि देशातल्या पहिल्या स्त्री अभियंत्यांत जिचं नाव घेतात ती ए. ललिताही विधवाच होती. अठराव्या वर्षी नवरा गेला, मांडीवर तान्ही मुलगी. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ला ती विद्युत अभियंता झाली. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुली वह्या बाजूला ठेवून ऐकतात.

बौद्धवाडीतल्या मुलांशी बोलताना मी वेगळी गोष्ट सांगते. त्यांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर असते. बॅरिस्टर, राज्यघटना, सगळं त्यांना पाठ असतं. पण बाबासाहेब प्राध्यापक होते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. १९१८ला मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवू लागले. सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्याला त्यांचा हात लागू नये म्हणून हरकत घेतली, आणि तरी त्यांच्या तासाला मुलं गर्दी करत. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. त्यांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याला, मुंबई-गोवा महामार्गालगत, महाडपासून जवळच आहे. १९८९पासून. मुंबईच्या एस.टी.त बसलेला आमचा प्रत्येक मुलगा त्या फाट्यावरून जातो.

लांज्याकडच्या अशाच एका मुलाची पीएच.डी. बुद्धीमुळे थांबली नाही, जात वैधता प्रमाणपत्रामुळे जवळजवळ थांबली होती. आजोबांच्या शाळेचा दाखला हवा, आणि शाळेचं जुनं दप्तर पावसात भिजलेलं. त्याच्यासोबत कार्यालयांचे उंबरे झिजवताना मला कळलं की हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षी हाती घेणं म्हणजे उशीर आहे. आता मी पहिल्या वर्षीच विचारते : वैधता झाली का? नॉन-क्रिमिलेअर कधी संपतं? मुलांना वाटतं, मॅडम कारकुनी करतात. करते. अधिछात्रवृत्तीचा हप्ता थकला की अर्ज कुणाला लिहायचा, हेही मी शिकवते, कारण हप्ते थकतात आणि घरून पैसे मागवायची सोय त्या मुलांना नसते.

इंग्रजीचं भय हा आणखी एक मोठा अडसर. मुलाखतीत प्रश्न कळतो, उत्तर येतं, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. त्यावर माझा एकच उपाय आहे : फळ्याकडे जा आणि काढून दाखव. फेझर काढ, सर्किट काढ, मग काढलेल्याबद्दल बोल. हातात खडू आला की आमची मुलं मोकळी होतात.

संगमेश्वरची ती मुलगी गेटला बसली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं, आणि तिला सुरतकलच्या एनआयटीत जागा मिळाली. घरात पुन्हा गोंधळ. मुंबई चालली असती, मावशी नालासोपाऱ्याला आहे. पुणेही चाललं असतं. सुरतकल म्हणजे कर्नाटक! वडिलांना ते नाव माहीत होतं ते कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीमुळे, ट्रक घेऊन जाते तीच. मी म्हटलं, “त्याच रुळांवरून माणसांचीही गाडी जाते. रत्नागिरीला रात्री बसलं की सकाळी सुरतकल.” आमच्या गावातून सगळे कायम उत्तरेकडे गेले, मुंबईकडे. ही पहिली दक्षिणेला गेली. वडील सोडायला गेले आणि परत येऊन मला फोनवर म्हणाले, “बाई, तिथं समुद्र हाय. आपल्यासारकाच.”

ती आता पीएच.डी. करते आहे. तिच्या मागून जयगड खाडीकडची एक मुलगी त्याच संस्थेत मुलाखतीला गेली. तिच्या अब्बांनी परवानगी दिली ती एकाच अटीवर : उतरल्यावर ओळखीचं कुणीतरी असलं पाहिजे. स्टेशनवर ही उभी होती. त्या रात्री ती मुलगी हिच्याच वसतिगृहातल्या खोलीवर राहिली, दोघींनी बसून पॉवर सिस्टिम्सचे प्रश्न सोडवले. मला हे दुसऱ्या दिवशी फोनवरून कळलं, आणि मला आजोबांची चाळीतली खोली आठवली. मुलाखत बरी झाली, जागा मात्र मिळाली नाही. ती यंदा पुन्हा बसणार आहे.

अशा आठ-दहा मुला-मुलींचा एक व्हॉट्सअॅप गट आता आहे. पुण्यात कुणाकडे उतरता येईल, पवईला आयआयटीत मुलाखत असेल तर कुर्ल्याला कुणाचं घर आहे, कुठला मार्गदर्शक पत्राला उत्तर देतो, कुठला देत नाही, सगळं त्यावर असतं. मी त्यात फारसं लिहीत नाही. माझी गरजही कमी होत चालली आहे, आणि ते मला हवंच आहे.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतात. कोकणातल्या ज्या शिक्षकांच्या हाती हा लेख पडेल, त्यांना माझी विनंती आहे : तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकांवर बसून रीडिंग टिपणाऱ्या मुलींची नावं आत्ताच काढून ठेवा. अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरा, फोटोचा आकार आणि सहीचा आकार यात निम्म्या मुली कंटाळून सोडून देतात. वैधता प्रमाणपत्राचं विचारा. आणि घरच्यांना आकडे सांगायचे असतील, तर फोनवर सांगू नका. प्रत्यक्ष जा, शक्यतो आई कामावरून आल्यावर, कारण निर्णय तिथे होतो.